कॅम चेन ताणायला दोन माणसं लागतात

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेअकरा. मेकॅनिकने सांगितलेली रक्कम सहाशे पन्नास रुपये. हजर मी एकटा.

रक्कम जास्त नव्हती. पण विजयनगरच्या या घरात राहायला आल्यापासून, म्हणजे एकवीस वर्षं, मोटरसायकलची कॅम चेन आम्ही नवराबायकोच ताणत आलो होतो. इंजिनातली ही बारीक साखळी सैल पडली की वरच्या अंगाने खळखळ ऐकू येते. कडकोळच्या कारखान्यात जाऊन-येऊन माझे रोजचे छत्तीस किलोमीटर होतात, त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा हे काम निघायचं.

मी प्लग काढून गाडीच्या डाव्या बाजूला बसायचो आणि पान्याने क्रँक हळूहळू फिरवायचो. ती टॉर्च धरून वरच्या छोट्या भोकातून आत बघायची. आतल्या चाकावर ‘टी’ अशी खूण असते. ती खाचेसमोर आली की बायको म्हणायची, “साकु.” आमच्या घरात बोलणं मराठी, पण पुरे म्हणायला कन्नडच तोंडात येतं.

इंजिन फिरतं चाकांच्याच दिशेने, डावीकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट. खूण थोडी पुढे निसटली की पाना जरासा मागे घ्यावासा वाटतो. तो घ्यायचा नाही. मागे घेतलं की साखळीची ढील पुढच्या बाजूला जाते. ताण देणारा दांडा असतो मागे, त्याला साखळी घट्टच लागते आणि गाडी सुरू केली की खळखळ आहे तशीच. म्हणून खूण हुकली तर पुढेच जायचं, दोन पूर्ण फेरे. हे मीच तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

त्या रविवारी तिला जाऊन ब्याऐंशी दिवस झाले होते. मुलीच्या बाळंतपणासाठी ती इंग्लंडला गेली होती. परतीचं तिकीट फेब्रुवारीअखेरचं होतं. मुलीचं म्हणणं पडलं, आईने मेपर्यंत राहावं. बायकोने मला विचारलं तेव्हा मी हिशेब सांगितला होता, की तारीख बदलायचे बारा हजार सहाशे पडतील, ते मी सोमवारी एजंटाकडे भरतो. ती “बरं” म्हणाली. मीही विषय वाढवला नाही. फिल्टरमध्ये मात्र रोज दोघांचीच कॉफी पडत होती. उरलेली मी संध्याकाळी गार पीत होतो.

एकट्याने पाना फिरवून भोकाशी डोळा नेईपर्यंत खूण निघून जायची. तीनदा तसं झाल्यावर मी फोन लावला. तिकडे सकाळचे सहा, नात तिच्या खांद्यावर झोपलेली. मी डाळीच्या डब्याला टेकवून फोन स्टुलावर ठेवला आणि कॅमेरा भोकाकडे केला.

“टॉर्च जरा खाली घ्या,” ती कुजबुजली. “हां. फिरवा. स्वल्प... गेली.”

माझा हात आपोआप मागे वळला.

“मागं नाही हं. दुसऱ्याला शिकवायचं आणि आपण असं करायचं? दोन फेरे.”

दोन फेरे घेतले. एवढ्या लांबून तिचं “साकु” ऐकलं आणि मी पाना धरून तसाच बसून राहिलो. मग झडपांच्या दोन्ही टॅपेटला ढील आहे ना ते बघितलं, मागचा बोल्ट सैल केला. आतल्या स्प्रिंगने दांडा पुढे ढकलून ढील खाल्ली. बोल्ट पुन्हा आवळला.

“झालं? मग ठेवते,” ती म्हणाली. “उद्या एजंटाकडं जायचंय ना तुम्हाला.”

“पैशाचं काही नाही,” मी म्हटलं.

“मग कशाचं आहे?”

बोल्ट आवळून झाला होता, तरी मी त्यालाच पाना लावून होतो.

“तू ये,” मी म्हणालो. “मला करमत नाही.”

नातीच्या पाठीवर थोपटल्याचा आवाज येत होता.

“मी तुम्हाला विचारलं होतं, अहो. तुम्ही आकडा सांगितलात,” ती म्हणाली. “मला वाटलं, एकटे बरे आहात.”

बरा नाही, असं मी म्हटलं. मुलीला वाईट वाटेल, हेही म्हटलं. मुलीच्या सासूबाई मार्चमध्ये येणारच आहेत, असं बायको म्हणाली. ही गोष्ट तिने मला आधी सांगितलीच नव्हती. का, ते मी विचारलं नाही.

सोमवारी एजंटाकडे गेलो नाही. तिकिटाची तारीख होती तीच राहिली. बेंगळूरुच्या विमानतळापासून घरापर्यंत टॅक्सीचे पाच हजार दोनशे ठरले होते. दारात बॅगा उतरवल्यावर ड्रायव्हरला पाच हजार पाचशे दिले. ती कुलूप उघडून आत गेलीसुद्धा होती. सुटे मागायला मी थांबलो नाही.