पंख्यातला कापूस

त्या हिवाळ्यात आमच्या घरात माणसांपेक्षा कापसालाच जास्त जागा होती. चिखलीपासून जीपनं अर्ध्या तासावरचं गाव, दोन खोल्यांचं घर, आणि पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. अळी लागणार नाही म्हणून बीटीचं बियाणं घेतलेलं, आणि बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी मजेत बसलेली. अर्धं पीक तिनंच खाल्लं. वाचलेला कापूस भाव चढेल या आशेनं घरोघरी भरून ठेवला होता. आमच्या गल्लीचा एक अलिखित कायदा होता: पहिली गाडी आपण भरायची नाही. जो आधी विकेल त्याचा दम संपला, असं समजत. त्यामुळे सगळे एकमेकांच्या दाराकडे बघत थांबलेले.

मी तेव्हा एम.ए.चा प्रबंध लिहीत होते. संक्रांतीच्या आत कॉलेजात द्यायचा, नाहीतर वर्ष गेलं. लॅपटॉप पुण्याच्या मावसभावानं वापरून वापरून मला दिलेला. आणि लिहायची जागा म्हणजे कापसाचा ढीग. तेवढी उबदार बैठक जगात दुसरी नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. कमरेपर्यंत रुतून बसायचं, लॅपटॉपही कापसावरच ठेवायचा. अंगाला खाज सुटायची, पण थाट राणीचा. ते दिवस आठवले की अजूनही तो कच्च्या सरकीचा वास येतो आणि जीव हळवा होतो.

आठवडाभरात लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. मग तापायचा आणि वाक्याच्या मध्येच बंद पडायचा. मी आधी व्हायरसला शिव्या घातल्या. मावसभाव फोनवर म्हणाला, ‘‘गरम होतोय, त्याला हवा लागू दे.’’ मी आज्ञाधारक. शेजारून टेबल फॅन आणला आणि त्याच्यावर सोडला. कापसाच्या खोलीत! दोन मिनिटांत माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या. बाबा दारातून म्हणाले, ‘‘काऊन वं, आजच म्हातारी झाली काय?’’ आम्ही दोघं पोट धरून हसलो. लॅपटॉप मात्र त्यानंतर चालूच होईना.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच चिखलीला गेले. दुरुस्तीचं दुकान एका चाचांचं होतं. त्यांचे वडील पिंजारी. गावोगाव हिंडून गाद्यांचा कापूस पिंजायचे. चाचांनी पेचकसानं खालचं झाकण उघडलं. पंख्यामागच्या जाळीवर कापसाची चक्क गादी बसली होती. त्यांनी ती चिमटीत धरली, बोटांनी हलकेच ओढून तंतू लांबवला, उजेडात धरून पाहिला.

‘‘यंदाचाच माल हाये. घरात भरला दिसते.’’

मी मान डोलावली.

‘‘आमच्या अब्बानं गाद्या पिंजल्या, मी लॅपटॉप पिंजून राह्यलो,’’ म्हणत ते हसले. ब्रशनं सगळं साफ केलं, पंख्याला तेलाचा थेंब दिला. पातं भिरभिरलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. झाकण लावताना ते गंभीर झाले. ‘‘बेटा, पंखा चांगला हाये. पन त्या कापसापाशी ठेवशीन, त आठ दिवसात पुन्हा येशीन. एक तं कापूस घराबाहेर काढा, नाही तं हा लॅपटॉप.’’

जीपमध्ये माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हे बाबांना कळलं तर ते त्याच दिवशी मिळेल त्या भावानं कापूस विकतील. अळीनं आधीच अर्धं नेलेलं. उरलेलं माझ्यापायी मातीमोल जाऊ द्यायचं नाही. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, ‘‘पंखा जुना झाला होता, बाकी काही नाही.’’

दुसऱ्या दिवसापासून गावातली शाळा सुटली, पोरं घरी गेली की मी तिच्या व्हरांड्यात जाऊन लिहू लागले. थंडीनं बोटं आखडायची. एकदा बाबा दारात उभे राहून म्हणाले, ‘‘घरात बसावंसं नाही वाटत काय वं तुले?’’ मी ‘तिथं उजेड चांगला आहे’ असं काहीतरी पुटपुटले. प्रबंध वेळेत दिला. कापूस मात्र होळीपर्यंत तसाच राहिला, पिवळा पडला आणि आधीपेक्षाही कमी भावानं गेला.

आता मी बुलढाण्याला कॉलेजात शिकवते. गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा जेवताना बाबांना ही सगळी गोष्ट सांगितली. गंमत म्हणूनच सांगितली. पांढऱ्या भुवयांचा किस्सा आला तेव्हा ते हसले. चाचांचं बोलणं सांगितलं तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

‘‘मले वाटलं होतं, तुले घराची लाज वाटून राह्यली,’’ ते म्हणाले. ‘‘त्या साली मले रोज वाटे, देऊन टाकावा कापूस. भाव चढत नाही हे दिसतच होतं. पन सारी गल्ली पाहून राह्यली होती. मले एक निमित्त पाहिजे होतं वं, बस. पोरीच्या शिक्षणासाठी काढला म्हनलं असतं, त कोन काय बोललं असतं?’’

त्यांनी भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, ‘‘घे. तुनं तं माह्यासाठीच केलं.’’