एक टब सामान

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतकं सामान घेऊन घराबाहेर पडणारा माणूस वैनगंगेच्या अलीकडच्या तीरावर नाही आणि पलीकडच्या तीरावरही नाही. लोक परगावी जाताना पिशवी घेतात; हे आसगावच्या स्वतःच्या घरातून स्वतःच्याच शेताच्या धुऱ्यावर जायला निघाले तरी दोन पिशव्या घेतात. एकीत सुतळी, पाना, पेचकस, सुईदोरा, मेणबत्ती, सुपारी आणि पोटदुखीच्या गोळ्या. दुसरी रिकामी. ती कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पयली फाटली तं?" माझ्या लग्नात ऐन मुहूर्ताला अंतरपाट सापडेना. भटजी चिडले, माझे काका घामाघूम झाले, आणि नवरीच्या या भावानं शांतपणे पिशवीतून दुसरा अंतरपाट काढून झटकला. बहिणीच्या लग्नाला येताना जास्तीचा अंतरपाट घेऊन येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. नंतरही पाहिलेला नाही.

बायको त्यांना दादा म्हणते म्हणून मीही दादाच म्हणतो. ते मला जवाईबापू म्हणतात. मी भंडाऱ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, म्हणजे बसण्याचाच पगार घेतो. दादांना बसणं जमतच नाही. आमच्याकडे आले की खुर्चीच्या काठावर टेकतात, जणू खुर्ची कुणा दुसऱ्याची आहे आणि तो आता येईल. चहा येईपर्यंत उठून नळाचा वायसर बदलतात, दाराची कडी घट्ट करतात, पंख्याकडे संशयानं बघतात. "दादा, बसा ना," म्हटलं की, "बसतो ना, आता काय, बसाचंच हाये," म्हणत गच्चीवर टाकी बघायला निघून जातात. कृषी सहायकाच्या नोकरीत जन्मभर बांधाबांधावरून फिरले. निवृत्त झाले, शेत ठेक्यानं दिलं आणि त्यांच्या पायांना करायला काही उरलं नाही. सकाळी गावातून तीन चकरा, दुपारी दोन, संध्याकाळी वहिनी कंटाळून म्हणायच्या, "एका जागी उभे तरी राहा, मले भोवळ येऊन राहिली."

अशात त्यांच्या गावच्या मोठ्या तलावावर ट्रायथलॉन सुरू झाली. तलावात पोहायचं, बाहेर येऊन सायकल हाणायची, सायकल टाकून तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पळायचं. नागपूरकडच्या हौशी लोकांनी काढलेली शर्यत, धानकापणी उरकल्यावर थंडीत व्हायची. दादांनी ते ऐकलं आणि मला फोन केला. "जवाईबापू, हे तं मी सातवीपर्यंत रोजच करत होतो! म्हशी आनाले तलावात पोहून जात होतो, मंग सायकलनं शाळेत, अन् शाळेतून मास्तरच्या पुढं पळत घरी. तवा कोनी मेडल नाही देल्लं."

खरं सांगायचं तर पोहण्यात, सायकलीत, पळण्यात दादा कुठंच कमी नव्हते. ते अडकले ते मधल्या जागेत. या शर्यतीत ट्रान्झिशन नावाची एक जागा असते. दोरीनं आखलेलं आवार, त्यात ज्याची त्याची सायकल लावलेली आणि सायकलीखाली ज्याचं त्याचं सामान. पाण्यातून धावत यायचं, बूट चढवायचे, शिरस्त्राण घालायचं आणि सुटायचं. परत येऊन सायकल लावायची आणि पळायला लागायचं. शहाणे लोक तिथं एक टॉवेल पसरतात, त्यावर बूट ठेवतात, झालं. तिथं थांबणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. आणि आमच्या दादांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाची, दोरी लावून आखून दिलेली, हक्काची जागा मिळाली होती.

पहिल्या वर्षी त्यांनी तिथं संसार मांडला. प्लॅस्टिकची खुर्ची, पाय धुवायला बादली, साबण, दोन पंचे, खोबरेल तेल, पावडरीचा डबा, आरसा, कंगवा, सायकलीचे दोन पंप, छत्री, थर्मासमधे चहा आणि उकडलेल्या शिंगाड्यांची पुडी. शेजारच्या पोरानं विचारलं, "काका, राहायला आलात का?" पाण्यातून दादा चांगले मधल्या घोळक्यात बाहेर आले. मग खुर्चीकडे गेले. बसले नाहीत, पण एक पाय तिच्यावर ठेवून धुतला, बोटांच्या बेचक्या पुसल्या, पावडर लावली, मग दुसरा पाय. तलावाचा गाळ पायाला घेऊन बुटात पाय घालणं त्यांच्या संस्कारात बसत नव्हतं. मग भांग पाडला. मागून आलेले सगळे पुढे गेले, आणि ते सायकल घेऊन परत आले तेव्हा शर्यतीची ठरलेली वेळ संपली होती.

दुसऱ्या वर्षी त्यांनी भांग न पाडण्याचा निश्चय केला आणि तो पाळला. पण या वेळी आडवं आलं ते यजमानपण. आसगावच्या तलावावर नागपूरहून, गोंदियाहून, पार रायपूरहून माणसं आलेली. "आपल्या गावच्या तलावावर आला म्हनजे पाहुनाच ना तो? पाहुन्याच्या आधी मी कसा निघून जाऊ?" पाण्यातून धापा टाकत आलेल्या एका जाड्या गृहस्थापुढे त्यांनी ताटलीत पेला ठेवून पाणी धरलं. त्यानं तलावातलंच पुष्कळ प्यालेलं दिसत होतं. तो नुसता हात हलवत राहिला. एका डॉक्टरांच्या सायकलीचं चाक बसलं होतं. दादांनी बादलीत ट्यूब बुडवून भोक शोधलं, ठिगळ लावलं, हवा भरली. डॉक्टरांना त्या दिवशी पदक मिळालं. दादांना वेळ संपली म्हणून पाळीवर अर्ध्यात थांबवलं. घरी आल्यावर मी जरा तडकलोच. म्हटलं, "दादा, तुम्ही शर्यतीत उतरता की पाणपोई घालता?" ते उठून माझ्या मोटारसायकलची हवा तपासायला गेले.

तिसऱ्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे त्यांच्या पुण्याच्या मुलाकडे बाळ झालं. मुलगा-सून दोघंही नोकरीवाले, तेव्हा आईबाबांनी आता कायमचं तिकडेच यावं असं ठरलं. वहिनी नातवासाठी आतुर. दादाही नाही म्हणाले नाहीत, म्हणण्यासारखं नव्हतंच. पण तो फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे हे त्यांनी मला दोन-तीनदा सांगितलं. मग एकदा म्हणाले, "गाव सोडाच्या आधी एक डाव तरी ते शर्यत पुरी कराची हाये, जवाईबापू. याच तलावात उतरलो, याच तलावावर वापस पोहोचलो, एवढं झालं पाहिजे. मंग कुटंबी न्या." हे त्यांनी चक्क बसून सांगितलं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

दुसरी गोष्ट म्हणजे नवा नियम. सामान एका टबात मावेल तेवढंच. हा नियम कुणामुळे आला हे आसगावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

त्या आठवड्यात दादांनी मला जगू दिलं नाही. मी लायब्ररीत, आजूबाजूला शांतता राखा अशा पाट्या, आणि माझा फोन थरथरतोय. "आरसा ठेवू का काढू?" काढा. "पंप एक का दोन?" एकही नको. "बादली टबमंधी ठेवली तं चालन का? बादलीमंधी दुसरं सामान ठेवता येते." अंगणात रोज टब भरायचा, रोज रिकामा व्हायचा. वहिनींनी फोन हिसकावून घेतला. "यायले सांगा बाप्पा, मलेच टबात बसवून न्या म्हना, मी एकेक वस्तू काढून देत जाईन." मागून दादांचा आवाज आला, "टब केवढा पाहिजे ते नियमात लिवलंच नाही! धान ठेवाची ढोली चालते का, विचारा बरं!"

शर्यतीच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा दादा एक टब घेऊन दोरीच्या आत उभे होते. ज्यात म्हशी पाणी पितात तो. समोर गळ्यात शिट्टी अडकवलेली एक मुलगी, आवाराची प्रमुख. तिनं काही वाद घातला नाही. एक छोटा निळा टब आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला, भांडी घासून ठेवायच्या आकाराचा, आणि म्हणाली, "काका, यात. बाकीचं बाहेर."

मी अस्वस्थ झालो. हा माणूस आता भांडेल, रुसेल, की घरीच जाईल? दादांनी दोन्ही टबांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग खाली वाकले आणि एकेक वस्तू दोरीपलीकडे द्यायला लागले. मी हात पुढे केला तर थबकले. "नाही नाही. जवायाच्या हातात ओझं कसं देऊ?" आमच्याकडे जावयानं सासुरवाडीचं ओझं उचलायचं नसतं, आणि शर्यत सुरू व्हायला आली तरी दादांच्या लेखी मी जावईच होतो. शेवटी बायको ओरडली, "दादा, मले दे!" तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं. तिनं घ्यायचं आणि मागच्या मागे माझ्याकडे द्यायचं. शेवटी मी एका खांद्यावर पंप, काखेत खुर्ची, हातात बादली आणि बादलीत आरसा अशा अवतारात उभा होतो. निळ्या टबात बूट, शिरस्त्राण, पाण्याची बाटली आणि शिंगाड्यांची पुडी उरली. मुलीनं पुडीकडे बोट दाखवलं. "शिंगाडे होत. घ्या ना," दादा म्हणाले. ती हसली आणि पुडी राहू दिली.

भोंगा झाला. पाण्यात नुसत्या टोप्या आणि हात. आम्हाला कोण कुठला कळेना. वहिनी प्रत्येक टोपीला "तेच होत, तेच होत" म्हणत होत्या. मग दादा बाहेर आले, गुडघ्यापर्यंत काळा गाळ. निळ्या टबापाशी आले. क्षणभर त्यांची नजर पाण्याची बादली शोधत फिरली आणि माझ्या हातातल्या बादलीवर येऊन थांबली.  दादांनी तसाच गाळाचा पाय बुटात घातला. मग दुसरा.

"पाय नाही धुतले!" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सायकल घेऊन दादा गेले ते पवनीच्या रस्त्यानं दिसेनासे झाले. मी खुर्ची खाली ठेवली, पण तिच्यावर बसवेना. ज्या माणसाच्या चुळबुळीला मी इतकी वर्षं हसलो ती माझ्याच अंगात शिरली होती. दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चकरा मारत होतो. ते परत आले तेव्हा आवारात थोडीच माणसं उरली होती. वेळ होता, पण जेमतेम. सायकल लावली, शिरस्त्राण काढलं, आता फक्त पळायचं. आणि शेजारी एक बाई रडवेली होऊन उभी. गोंदियाची. तिच्या छातीवरचा नंबर फाटून लोंबत होता आणि नंबराशिवाय पळू देत नाहीत.

दादा थांबले.

"दादा, पळ!" बायको किंचाळली. मीही ओरडलो, जावईपण विसरून. दादांचा हात सवयीनं टबात गेला. टबात शिंगाडे. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पण बाहेरून काही देणं नियमात नव्हतं. मग त्यांचा हात कमरेला गेला. करगोट्याला अडकवलेली सेफ्टी पिन! एवढी झडती झाली, पण करगोट्यापर्यंत कुणी पोचलं नव्हतं. त्यांनी ती काढून बाईच्या हातात दिली, "लावा अन् निंगा," म्हणाले, आणि स्वतःही सुटले.

पाळीवरच्या मोहाच्या झाडांमधून दादा दिसायचे, लपायचे, पुन्हा दिसायचे. गोंदियाची बाई पुढे निघून गेली, पोचलीसुद्धा. शिट्टीवाली मुलगी घड्याळ बघत होती. तिनं शिट्टी ओठांशी नेली तेव्हा दादा शेवटच्या वळणावर होते, आणि मी देवाशप्पथ सांगतो, तिनं शिट्टी हळूच खाली घेऊन पुसायला सुरुवात केली. दादा आले. सगळ्यांच्या शेवटी, पण वेळेत. मुलीनं गळ्यात पदक घातलं, आणि मग त्यांच्या पुडीतला एक शिंगाडा मागून घेतला.

दादा खुर्चीवर बसले. तीन वर्षं वागवलेल्या त्या खुर्चीवर पहिल्यांदा, मागे पाठ टेकून. वहिनींनी बादली पुढ्यात ठेवली, बूट काढले. गाळ पाण्यात उतरत राहिला आणि दादा तलावाकडे बघत राहिले. कसली कडी घट्ट केली नाही. आम्ही सगळे खुशीत होतो, पण त्यांना इतकं स्वस्थ बसलेलं पाहून मला बरं वाटलं नाही.

पुढच्याच महिन्यात ते पुण्याला निघाले. सामानाच्या धास्तीनं मी ओळखीच्या एकाचा छोटा टेम्पो सांगून ठेवला होता. तो आदल्या दिवशी आसगावहून दादांचं सामान घेऊन आला खरा, पण ते सगळं आमच्याच व्हरांड्यात उतरवून गेला. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर वहिनींच्या चार बॅगा होत्या आणि दादांच्या खांद्याला एक कापडी पिशवी. मी म्हटलं, "दादा, एवढंच?"

"हाव. ज्याले वापस याचं रायते तो थोडंच सामान नेते, जवाईबापू. जास्त नेलं म्हनजे तितं राहाचं पक्कं झालं ना." मग म्हणाले, "तुमच्या व्हरांड्यात मांडून ठेवलं हाये, ते हलवू नोका. अन् बादलीतलं पानी बदलत जा. आलो का पाय धुवाले लागन."

मांडून ठेवलंय म्हणजे खरंच मांडलंय. खुर्ची, खुर्चीपुढे बादली, बादलीशेजारी साबण, खुर्चीच्या हातावर पंचा, मग तेल, पावडर, आरसा. पाण्यातून आल्यावर जे जसं लागेल त्याच क्रमानं. बायको केर काढताना एकेक उचलते आणि होतं तिथंच ठेवते. त्या खुर्चीवर आमच्यापैकी कुणी बसत नाही. काल दादांचा फोन आला. नातू रांगतो, लिफ्ट चांगली आहे, सातही मजले त्यांनी जिन्यानं दिवसातून कितीदा उतरायचे ते ठरवून घेतलंय. मग मधेच विचारलं, "जवाईबापू, बादलीतलं पानी बदलता ना?"

"बदलतो ना," मी म्हणालो.

बादली कधीचीच कोरडी पडली होती. फोन ठेवला, नळाखाली नेऊन काठोकाठ भरली आणि खुर्चीपुढे होती तिथं आणून ठेवली.