पानावर आडवा हात

लग्नाच्या पंगतीत शेजारचे काका पहिली जिलबी चघळत होते, तोवर वाढप्याने आणखी दोन टाकल्या. काकांनी डावा हात पानावर आडवा धरला. “अहो, आधी ही तर उतरू द्या!”

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना इतका आग्रह मला एकाच ठिकाणी भेटला होता. मेलेल्या ताऱ्यावर शेजारच्या ताऱ्याचा हायड्रोजन साचतो आणि भडका उडतो. तिथे अणुकेंद्रकावर त्या हायड्रोजनचे प्रोटॉन भराभर चिकटत जातात, त्याला सावरायला उसंतच नाही. मग एका टप्प्यावर पुढचा प्रोटॉन टिकेनासा होतो. आतल्या एखाद्या प्रोटॉनचा न्यूट्रॉन होईपर्यंत सगळं थांबतं. तो झाला रे झाला, की पुढचा प्रोटॉन हजर.

पाण्याचा पेला घ्यायला काकांनी हात उचलला. पानावर चौथी जिलबी पडली.