सातवा सूचक

बायकोला हे माहीत नाही. मुलाला नाही. ज्याला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं, त्या प्रल्हादला तर नाहीच नाही. आज तुमच्यापाशी बोलतोय, ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — की तुम्हाला उद्या तोंड दाखवावं लागणार नाही म्हणून? काहीही म्हणा.

प्रल्हाद अन् मी बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत सत्तावीस वर्षं बरोबर काढली. तो फिटर, मी टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून. एकाच वस्तीत घरं, कंपनीच्या बसमध्ये शेजारी-शेजारी जागा. मी लिहितो शुद्ध, ती नोकरीची सवय. आमचं आपसातलं सगळं 'मले-तुले'मध्येच चालायचं.

प्रल्हादला आमदारकीचा नाद होता. 'नाद' — हा शब्द माझा, बरं का. त्याचं म्हणणं साधं होतं. कामगारांच्या बसथांब्यावर शेड नाही, दवाखान्यात आलेल्या खेड्यावरच्या लोकांना पाठ टेकायला जागा नाही, हे विधानसभेत कोणीतरी बोललं पाहिजे. पक्षवाले कशाला तिकीट देतात त्याला? तीनदा अपक्ष उभा राहिला, तिन्ही वेळा अनामत जप्त. एकदा चिन्ह शिवणयंत्र, एकदा टेबल, एकदा कढई. कढईच्या वेळी बसमध्ये महिनाभर लोक त्याला भज्यांचा भाव विचारत होते. तोही हसायचा. मीही.

अन् मी त्याच्यासाठी काय करत नव्हतो? फॉर्म भरायचो, पत्रकं लिहायचो, भाषण लिहून द्यायचो. अपक्ष माणसाच्या अर्जावर त्याच मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सह्या लागतात — सूचक म्हणतात त्यांना. दहातला एकही कच्चा निघाला की अर्ज बाद. तिन्ही वेळा मी त्याचा सूचक होतो. लोक म्हणायचे, दोस्त असावा तर असा. मलाही तसंच वाटायचं. तो दर वेळी पडत होता म्हणून मला चांगलं वागणं सोपं जात होतं का?

जात होतं. 'का' कशाला लावतोय मी?

रिटायर झाल्यावर मी मुलाच्या नव्या घरी हुडकेश्वरला राहायला गेलो. प्रल्हाद जुन्याच वस्तीत राहिला, पण घरी बसला नाही. रोज सकाळी धंतोलीत, दवाखान्यांच्या भागात, जायचा. गडचिरोली, यवतमाळ, कुठून-कुठून पेशंट घेऊन आलेले लोक तिथे गोंधळून उभे असतात — कोणता दवाखाना, कोणती खिडकी, रक्त कुठे मिळते. हा त्यांच्यासोबत हिंडायचा. दोन-अडीच वर्षं हेच. मी त्याला म्हणायचो, काहून रिकामा उन्हात फिरतो गा? मग निवडणूक आली अन् तो म्हणाला, चौथ्यांदा उभा राहतो. मला वाटलं, चला, पुन्हा एक कढई.

पण वस्तीच्या समाजभवनात त्याची सभा झाली. मी भाषण लिहून दिलं होतं, चार पानं, भल्ली मेहनत घेतली होती. हॉल भरला होता. बायका आपल्या पायांनी आल्या होत्या, कोणी ऑटोत कोंबून आणल्या नव्हत्या. प्रल्हाद उठला, माझे कागद त्याने खिशातच ठेवले अन् आपल्या मनाने बोलला. धंतोलीतल्या एका बाईचं सांगितलं, जिने नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी सहा दिवस दवाखान्याच्या पायऱ्यांवर काढले होते. दहा मिनिटं बोलला असेल. कोणी खोकलंसुद्धा नाही. नंतर लोक माझ्या समोरून त्याच्याकडे गेले, एक म्हातारी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. निवडून आला असता असं मी म्हणत नाही. पण त्याला आता कोणी हसत नव्हतं.

मला आनंद व्हायला पाहिजे होता — झाला का? मी मागच्या खुर्चीवर बसून त्याचा खिसा पाहत होतो. माझी चार पानं तशीच घडी केलेली बाहेर डोकावत होती. जळलो मी. याला दुसरा चांगला शब्द नाही, शोधून पाहिला.

आता सांगतो. किती वेळ टाळणार?

अर्जाचा शेवटचा दिवस होता. तहसीलच्या पायऱ्यांवर बसून मी फॉर्म भरत होतो. सातवा सूचक मी. अन् गोष्ट अशी, की घर बदललं तेव्हाच मी यादीतलं माझं नावही हुडकेश्वरला नेलं होतं, स्वतः अर्ज करून. नवं कार्ड पोस्टाने आलं होतं, कपाटात होतं. प्रल्हादच्या मतदारसंघात मी मतदारच उरलो नव्हतो. त्याच्या हातात जुनी यादी होती. त्याने विचारलं, "तुह्यं नाव तं अजून आपल्याच यादीत आहे नं गा?"

मी म्हटलं, "हाव."

विसरलो नव्हतो. चुकून तोंडातून गेलं असंही नाही. अजून दोन तास हातात होते, आवारात त्याच्या ओळखीची वीस माणसं तरी उभी होती, कोणीही सही केली असती. मी माझा जुना अनुक्रमांक लिहिला — सावकाश, सुंदर अक्षरात — अन् सही केली.

दुसऱ्या दिवशी छाननी. साहेबांनी यादी दोनदा चाळली, म्हणाले, सातव्या सूचकाचं नाव इथे नाही. प्रल्हाद माझ्याकडे वळला. तेव्हा तरी? तेव्हाही नाही. मी म्हणालो, मले काही मालूम नाही, कोणीतरी परस्पर उडवलं असन.

अर्ज बाद झाला. अन् त्याने माझं खरं मानलं. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं, बराच वेळ धूत राहिला. त्यानंतर तो चिडला, तो माझ्यासाठी. स्वतःचं राहिलं बाजूला. माझ्या दोस्ताचा मताचा हक्क हिसकला, म्हणे. मतदानाच्या दिवशी मी घराजवळच्या केंद्रावर फिरकलो नाही, बोटाला शाई लागली असती ना. त्याने मला वस्तीत बोलावलं अन् माझं कोरं बोट धरून लोकांना दाखवलं. मी बोट वर करून उभा राहिलो. एक बाई म्हणाली, बिचारे.

मग तक्रारी. तहसील, कलेक्टर ऑफिस, पार मुंबईपर्यंत. तो सांगायचा, मी लिहायचो, खाली सही माझी. एकदा उत्तर आलं, माझ्या पत्त्यावर — तक्रारदार मीच होतो ना. दोन ओळी होत्या: अर्जदाराने स्वतः अर्ज करून नाव स्थलांतरित करून घेतले आहे. ते मी फाडून ओल्या कचऱ्यात टाकलं. प्रल्हादला सांगितलं, साले उत्तरच देत नाहीत.

पुढची निवडणूक आली तेव्हा त्याला अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. मी दर रविवारी जातो. त्याची बायको शांताबाई चहा करतात, म्हणतात, "भाऊजी, तुम्ही आले का ह्यायले बरं वाटते." त्याला चार शब्द धड जुळवता येत नाहीत, पण एक प्रश्न तो दर रविवारी जुळवतो. ओठ वाकडे होतात, लाळ गळते, शांताबाई पुसतात, तरी तो सोडत नाही. "तुह्यं — नाव — आलं का?" मी नाही म्हणायचो. हो म्हटलं तर कार्ड मागेल, अन् कार्डावर तारीख असते — छाननीच्या आधीची.

मागच्या रविवारी कार्ड खिशात घालून गेलो. सांगून टाकायचं, असं ठरवूनच निघालो होतो. त्याने विचारलं, मी कार्ड त्याच्या डाव्या हातात दिलं. त्याने ते डोळ्यांपाशी नेलं. फोटो ओळखला. खालची बारीक अक्षरं त्याला दिसेनात, चष्मा खिडकीत ठेवला होता, माझ्या हाताशी. मी तो दिला नाही.

तो रडायला लागला. शांताबाई घाबरून आतून आल्या. त्याने त्यांना कार्ड दाखवलं, छातीवर आपटून दाखवलं, अन् मोठ्या कष्टाने एकच शब्द काढला — "जिंकलो."

शांताबाईंनी डब्यातून साखर आणली. आधी माझ्या तोंडात घातली. मी खाल्ली.