कायदेबाईंनी लावलेला अर्थ

आमच्या घरवाटप खात्यात सगळे त्यांना कायदेबाई म्हणायचे. नियम तोंडपाठ आणि तोंड फटकळ. मी शेजारच्या टेबलावर बारा वर्षं काढली, त्यामुळे बोलणी खाण्यात माझा नंबर पहिला.

त्या एका नर्सबाईंसोबत राहायच्या. सरकारी घर, नर्सबाईंच्या नावावर. दोघींना मागेपुढे कुणी नाही. सव्वीस वर्षं एका छताखाली भांडल्या, आजारपणं काढली. नर्सबाई गेल्या आणि पंधराव्या दिवशी खात्याची नोटीस आली, घर रिकामं करा.

"कुठेही राहीन गं," बाई म्हणाल्या, "पण मी तिच्याशी भांडले ते याच घरात. दुसरीकडे कुणाशी बोलू?" त्यांना मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

कायदा म्हणतो, भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना घर सोडावं लागत नाही. कुटुंबीय म्हणजे कोण, ते कायद्यात नाही. खात्याच्या परिपत्रकात आहे: रक्ताचे किंवा लग्नाचे.

आणि ते परिपत्रक लिहिलं कुणी? याच बाईंनी! तीस वर्षांपूर्वी साहेबांना मसुदा घाईने हवा होता. बाईंनी जेवणाच्या सुट्टीआधी खरडून दिला, साहेबांनी न वाचता सही ठोकली.

बाई नोटिशीविरुद्ध कोर्टात गेल्या, मीही सोबत गेले. न्यायाधीश म्हणाले, "कायदा स्पष्ट नसेल तिथे खात्याचा अनुभव आम्ही मानतो. त्यांनी विचारपूर्वकच अर्थ लावला असणार."

विचारपूर्वक म्हणे! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

बाई उभ्या राहिल्या. "साहेब, तो अर्थ मी लावलाय. विचार-बिचार काही केला नव्हता. तेव्हा मी एकटी राहायचे. कुटुंब काय असतं, मला काय कळणार?"

न्यायाधीशांनी परिपत्रकाखालची सही पाहिली. मग म्हणाले, "सही खात्याची आहे. अर्थ अगदीच गैरवाजवी नाही. आम्ही त्यात पडणार नाही."

चावी द्यायला गेलो, तर खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म पुढे केला. 'मृत व्यक्तीशी नाते' या रकान्याशी बाईंचं पेन थांबलं.

"मैत्रीण लिहा की!" मी ओरडलेच.

"तसं लिहिलेले किती फॉर्म मी परत केलेत, माहितीये तुला?"

त्यांनी लिहिलं, 'काही नाही'. मग कारकुनाला विचारलं, "बरोबर आहे ना?"

"बरोबर," तो म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.