घासलेला कॅमेरा मीच निवडला

बाळांनो,

आजीने या वयात भलतंच खूळ डोक्यात घेतलं, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं असेलच. ते खरं आहे. आता माझी बाजू क्रमाने ऐका.

तुमच्या आजोबांचा रिळाचा रेंजफाइंडर कॅमेरा अजून कपाटात आहे. रीळ आता इकडे कुठे मिळत नाही. चाळीस वर्षं त्यांनी फोटो काढले आणि मी समोर उभी राहिले. ‘हलू नकोस’ एवढंच माझ्या वाट्याचं काम. त्यांनी मला तो दिला नाही, असं मी म्हणणार नाही. मी कधी मागितलाच नाही. म्हणून ठरवलं, त्याच जातीचा, पण रीळ न लागणारा डिजिटल घ्यायचा. नवा परवडण्यासारखा नाही, तेव्हा वापरलेला.

या कॅमेऱ्यात भिंगातून पाहायचं नसतं. वरच्या कोपऱ्यात वेगळी छोटी खिडकी असते. तिच्या मधोमध एक उजळ चौकोन असतो आणि त्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. भिंगाचं कडं फिरवून त्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणायच्या. बरोबर बसल्या की फोटो स्पष्ट येतो. कॅमेरा आपण होऊन काही करत नाही, सगळं डोळ्यांनी करायचं. तुमच्या बाबांचा विरोध नेमका याला होता.

“आई, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत तुझी. चांगला फोन पाठवतो, तो आपोआप सगळं करतो.”

“मला आपोआप नको.”

“फोटो धूसर येतील.”

“आले तर माझे येतील.”

त्यावर त्यांनी नेहमीचं वाक्य टाकलं, की डोळ्यांचा भरवसा नाही, मानोरा गावातलं घर बंद कर आणि आमच्याकडे ये. मी फोन ठेवला.

वाशिमच्या एका स्टुडिओत असे दोन कॅमेरे विकायला आले होते. फोटोंची हौस असलेल्या एका डॉक्टरांच्या निधनानंतर त्यांच्या घरच्यांनी ते तिथे ठेवले होते. माझी धाकटी जाऊ सोबत निघाली. मला कोणी फसवू नये, हे तिने स्वतःकडे घेतलेलं काम.

“बाई, फोनमंदी फोटो फुकट निंगते,” ती एसटीत म्हणाली. “हे जुनं-पुरानं कायले पाह्यजे तुमाले?”

“घरात गॅस आहे, मग तू भाकर चुलीवर का करतेस?”

“गॅसवरची भाकर भाकर असते का?” म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

स्टुडिओवाला चाळिशीचा, बोलायला गोड. “या मॅडम, बसा मॅडम.” त्याने आधी चकचकीत कॅमेरा पुढे केला, ओरखडासुद्धा नसलेला. दुसरा बाजूला ठेवला होता. त्याच्या कडांचा काळा रंग उडून आतलं पितळ दिसत होतं.

मी या कॅमेऱ्याची इंग्रजी माहितीपुस्तिका आधीच मागवून वाचली होती आणि वहीत मुद्दे लिहून नेले होते. चकचकीत कॅमेरा घेतला, जावेवर नेम धरला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काळाकुट्ट अंधार. पुन्हा दाबलं, पुन्हा अंधार.

“आजी, झाकण!” स्टुडिओवाला हसला. भिंगावरचं झाकण मी काढलंच नव्हतं. खिडकी वेगळी असल्यामुळे झाकण असूनही मला सगळं लख्ख दिसत होतं. तिसऱ्या पानावर हा इशारा ठळक छापलेला होता, मी तो अधोरेखितही केला होता. त्या एका झाकणापायी मी मॅडमची आजी झाले.

मग मी गॅलरीत गेले. कडं शेवटापर्यंत फिरवून दूरच्या मोबाइल टॉवरकडे पाहिलं. अशा वेळी दूरची वस्तू एकच दिसायला हवी. मला शेजारी-शेजारी दोन टॉवर दिसले. डोळे पुसले, तरी दोनच.

“मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का, आजी?”

“दोन्ही डोळ्यांचं.”

“मग तेच असेल. तुम्ही ऑटोफोकसवाला घ्या. उगीच त्रास.”

खोटं कशाला लिहू, मी घाबरले. डोळे गेले असं एकदा ठरलं, की पुढचं सगळं दुसरेच ठरवतात. घरही बंद झालंच म्हणायचं.

आणि मला माहेरचं, इंझोरीचं शेत आठवलं. पेरणीचं पहिलं तास, म्हणजे पहिली ओळ, सरळ गेलं तर बाकीची त्याला धरून जातात, म्हणून ते माझे वडील स्वतःच काढत. एकदा हट्टाने मी तिफण, ते तीन फणांचं पेरणीचं अवजार, धरली, तर तास वाकडं गेलं. वडील ओरडले, “बैलाच्या पायाकडं काय पाह्यतं? धुऱ्यावरच्या कडुनिंबाकडं पाह्य!” मी बांधावरच्या त्या कडुनिंबावर नजर रोवली, तरी वाकडंच. तेव्हा त्यांनी बैल थांबवले. “आता पोरीची नजर बराबर हाय. तिफण पाहू.” एक फण ढिला निघाला.

मी आत गेले. “तो दुसरा द्या.”

“तो फार घासलेला आहे, आजी.”

“द्या.”

तेच कडं, तोच टॉवर. दोनाचा एक झाला, पेटीला झाकण बसावं तसा. मी मुद्दाम तीनदा फिरवून पाहिलं. मग दोन्ही कॅमेऱ्यांनी जावेचा जवळून एकेक फोटो काढला, नेम दोन्ही वेळा तिच्या डाव्या डोळ्यावर. स्टुडिओवाल्याने ते मोठे करून दाखवले. घासलेल्यात पापण्या मोजता येत होत्या. चकचकीतमध्ये डोळा धूसर आणि मागचा कान स्पष्ट.

“अवं माय! कानाचा फोटो काढाले वाशिमले आणलं का मले?” जाऊ म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. “काहून भाऊ, बाईचे डोये खराब हायत ना? मंग ह्या दुसऱ्यातल्या पापन्या कोनं पाह्यल्या?”

त्याने स्वतः गॅलरीत जाऊन टॉवर पाहिला. बराच वेळ पाहिला. परत आल्यावर म्हणाला, “मीही कधी तपासलं नव्हतं, मॅडम. हा दुरुस्त करून देतो, दिसायला नवा आहे. घेऊन ठेवा.”

“दिसायला नाही, पाहायला हवा आहे,” मी म्हणाले आणि पैसे मोजून घासलेला पिशवीत घातला.

सोबत जावेचा तोच फोटो पाठवते. तुमच्या आजोबांच्या सवयीने “हलू नकोस” म्हणणार होते, पण म्हटलं नाही. ती बोलतच होती, म्हणून तोंड उघडं आहे. तुमच्या बाबांना डाव्या डोळ्याच्या पापण्या मोजायला सांगा. मोजून झाल्या की हेही सांगा, की घर बंद होणार नाही. या पेरणीला मी हा कॅमेरा घेऊन इंझोरीला जाणार आहे, आणि झाकण घरून निघतानाच काढून ठेवणार आहे.

तुमची आजी