देवीच्या भोंग्याची बॅटरी

देवावर माझा राग होता असं म्हटलं तर ते खोटं होईल. राग धरायलाही काही नातं लागतं. भूकंपात लातूरकडच्या गावात माझी आत्या घरासकट गेली तेव्हा मी दहावीत होते. ढिगाऱ्यातून तिच्या देव्हाऱ्यातली मूर्ती शाबूत निघाली आणि लोक तिला हात जोडू लागले. शेजारी चादरीखाली आत्या होती. त्या दिवसापासून मी देवाकडे काही मागितलं नाही. लग्न होऊन नांदेडला आले, सासूबाईंसाठी रोज दिवा लावला, तेवढंच.

सासऱ्यांचं मोटारसायकलच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं. त्यांचे हात थरथरू लागले तसं ते माझ्याकडे आलं. गाडी सेल्फ घेत नाही म्हणून गिऱ्हाईक नवी बॅटरी मागतं; मी आधी मीटर लावते. गाडी चालू करून रेस दिल्यावर आकडा साडेचौदा व्होल्टच्या आसपास थांबला तर चार्जिंग ठीक. वाढलाच नाही तर बॅटरीला करंट पोचत नाही. वाढतच गेला तर करंट आवरणारा रेग्युलेटर गेलेला असतो, आणि मग बॅटरी आतल्या आत उकळून फुगते. सासरे मीटर लावत नसत. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची. गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग चांगलं, अशी त्यांची रीत. जुन्या गाड्यांना ते खपून जायचं. आताच्या गाड्यांत त्या एका झटक्याने रेग्युलेटर जळू शकतो. म्हणून दुकानात मी पाटीच लावली आहे: चालू गाडीवर वायर काढू नये. या पाटीवरून मी कितीतरी मिस्त्रींना झापलं आहे.

मुलगी दोन वर्षं लातूरला क्लासला होती. तिथे गल्लीगल्लीत क्लास आणि घराघरात पोरींच्या खोल्या. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला तिला केंद्र मिळालं उदगीरचं. त्या दिवशी एसट्या भरून जाणार हे दिसत होतं, म्हणून मी आदल्या दिवशी माझी मोटारसायकल घेऊन लातूर गाठलं. सकाळी गाडीने सेल्फ घ्यायला जरा कुरकुर केली. मीटर नांदेडला राहिलं होतं. दीड वाजता केंद्राचं गेट बंद होणार होतं, आणि एक मिनिट उशीर झाला तरी आत घेणार नव्हते. मी बाजूचं झाकण काढलं, गाडी चालू केली आणि वायर उपटून बघितली. गाडी बंद पडली नाही. चार्जिंग ठीक आहे म्हणून वायर परत बसवली आणि निघालो. किती सहज केलं मी हे.

अर्धा रस्ता झाला होता. ऊन रणरणत होतं. मुलगी मागून म्हणाली, "आई, कसला तरी घाण वास येतोय." मी म्हटलं, "नाला असेल." तिने पुन्हा सांगितलं, मी वेग वाढवला. पुढे रस्त्याकडेला देवीचं छोटं देऊळ होतं, शेजारी पाणपोईची झोपडी. एक म्हातारी बाई हात वर करून अर्ध्या रस्त्यात आली. मी तिला वळसा घालून जाणार होते. तेवढ्यात ती ओरडली, "बॅटरी! अगं बाई, बॅटरी!"

मी कचकन ब्रेक मारला. हिला माझ्या गाडीतून धूर दिसला, दुसरं काय असणार? उतरून झाकण काढलं आणि हात मागे घेतला. बॅटरी फुगून तिच्या कप्प्यात घट्ट अडकली होती, फस्‌ फस्‌ करत होती, सडक्या अंड्यासारखा वास मारत होती. वर सीटवर माझी मुलगी बसली होती. मी तिला ओढूनच खाली उतरवलं.

"आजी, तुम्हाला लांबून कसं दिसलं हो?" मी विचारलं.

"मला काय दिसायलंय बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय," ती म्हणाली. "देवीचा भोंगा वाजंना. सकाळधरनं हरेक गाडीला इचारायले, बॅटरीचं कळतं का कुणाला म्हून. एक बी थांबंना."

मी पाणपोईच्या ओट्यावर बसले. मुलगी एकदा बॅटरीकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "दुकानातली पाटी कुणासाठी आहे गं आई?" एवढंच ती म्हणाली. मी नाक ओढत डोळे पुसले.

म्हातारी म्हणाली, "रडायलीस का? पाणी पी आन्‌ भोंग्याचं बघ."

देवळातली बॅटरी मोटारसायकलचीच निघाली. म्हातारीच्या पुतण्याने ती कालच चार्ज करून आणली होती. दोन्ही टोकांवर पांढरा-हिरवा थर चढला होता, दुसरा दोष नव्हता. पाणी टाकून किल्लीने टोकं खरवडली. मग हात जोडून म्हटलं, "आजी, ही संध्याकाळपर्यंत मला द्या. पोरीचा पेपर आहे."

"देवीची हाय, तिलाच इचार."

आत्यानंतर पहिल्यांदा मी देवाकडे काही मागितलं, आणि मागितली काय, तर बॅटरी. आतून काही आवाज आला नाही. म्हातारीच म्हणाली, "न्हाई म्हनली न्हाई. ने."

पाणी मारून, पान्ह्याने उचकटून फुगलेली बॅटरी काढली आणि देवीची बसवली. हॉर्न दाबून धरून सेल्फ मारला. हॉर्नचा आवाज फारसा बसला नाही, म्हणजे बॅटरीत दम होता. मग गाडी बंद करून रेग्युलेटरचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढला, हेडलाइटचाही. आता चार्जिंग नाही, जेवढं देवीने दिलं तेवढ्यावरच जायचं. उरलेला रस्ता मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

एक वाजून वीस मिनिटांनी मुलगी गेटमधून आत गेली. बाहेर पालक जप करत होते, पोथ्या वाचत होते. मी बाजारात जाऊन नवा रेग्युलेटर आणि नवी बॅटरी बसवली. काम संपल्यावर गेटसमोर येऊन बसले. आत्याला कुणी हाक मारून घराबाहेर का काढलं नाही, हे मला त्या दिवशीही कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण म्हातारीने हाक मारली ती देवीच्या नडीसाठी, आणि नड निघाली माझी. याचा हिशोब माझ्या कुठल्याच मीटरवर लागत नाही.

पेपर सुटल्यावर बॅटरी परत नेऊन जोडली. भोंगा एकदा खरखरला आणि आरती सुरू झाली. म्हातारीने मुलीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि पेपर कसा गेला ते विचारलं. "बरा गेला," मुलगी म्हणाली.

तेवढा बरा गेला नव्हता. त्या वर्षी तिला प्रवेश मिळाला नाही. पुढे ती नर्सिंगला गेली आणि रमली. मी वर्षातून एकदा त्या देवळात जाते, टोकं साफ करते, ग्रीस लावते. नवस बोलत नाही, काही मागतही नाही. आपल्याला सगळं येतं या भरात आपण सुसाट निघालेले असतो, आणि मधे कुणीतरी हात वर करून उभं राहतं. तेव्हा वळसा घालायचा नाही, एवढंच मी शिकले. लोक विचारतात, मेडिकलची सीट तर मिळाली नाही, मग देवीने दिलं काय? मी सांगते, दिलं काही नाही. थांबवलं.